सुरतेचे 'पाच दद्दा'



समाज बदलण्यासाठी झटणारे तरुण म्हटले की मलाला युसुफझाईचे नाव लगेच आठवते. मुलींच्या शिक्षणासाठी लढणाऱ्या मलालाला २०१४ साली, वयाच्या १७ व्या वर्षी, शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण असे काम आपल्या सुरतेतही फार पूर्वी झाले आहे, आणि त्यात एका मराठी शिक्षकाचा मोठा वाटा होता. आज आपण त्याची ओळख करून घेऊ.

२२ जून १८४४ रोजी सुरतेत 'मानवधर्म सभा' स्थापन झाली. गुजराती शाळेतील शिक्षक दुर्गाराम मेहताजी तिचे पुढारी होते. त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठीचे व्याकरणकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. ते त्या वेळी सुरतेच्या इंग्रजी शाळेत शिकवत असत आणि त्यांचे वय अवघे ३० होते. दिनमणिशंकर, दलपतराम व दामोदरदास हे आणखी तीन सोबती. पाचही नावे 'द' अक्षराची, म्हणून त्यांना 'पाच दद्दा' म्हणत.

ईश्वर एक आहे, सर्व माणसांची जात एकच आहे, आणि माणसाची योग्यता जन्मावरून नव्हे तर गुणांवरून ठरावी, असे सभा सांगे. जातिभेद, विधवांचे हाल, जादूटोणा या विषयांवर ही मंडळी उघडपणे बोलत. मंत्रतंत्राचा दावा करणाऱ्यांना त्यांनी 'सिद्ध करून दाखवा' असे आव्हान दिले. त्या काळी जातीबाहेर टाकले जाणे म्हणजे मोठीच शिक्षा. तरीही ते गप्प बसले नाहीत.

मग ही सभा टिकली का? नाही. १८४६ मध्ये दादोबा मुंबईला गेले, १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला गेले, आणि काम थांबले.

त्याच जून महिन्यात, ६ तारखेला, लंडनमध्ये जॉर्ज विल्यम्स या २२ वर्षांच्या दुकान-कामगाराने काही मित्रांसह 'वाय.एम.सी.ए.' सुरू केली होती. ती संस्था आजही अनेक देशांत चालते. गावोगावी तिच्या शाखा निघाल्या आणि प्रत्येक ठिकाणी नवे हात कामाला लागले. सुरतेत मात्र सारा भार दोघा-तिघांवरच राहिला.

तरी दादोबांचा विचार वाया गेला नाही. मुंबईत त्यांनी परमहंस सभा उभारली. ती गुप्तपणे चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीला गेली, तशी भीतीने ती मोडली. पुढे १८६७ मध्ये निघालेल्या प्रार्थना समाजाच्या संस्थापकांत दादोबांचे धाकटे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग होते. या वेळी काम उघडपणे झाले आणि ते टिकले.

यातून आपण काय घ्यावे? चांगल्या कामाला धैर्य लागते, तसेच वारसही लागतात. पालक आणि विश्वस्त मंडळींनाही आमची विनंती आहे, की मंडळाच्या कामात मुलांना नुसते सतरंज्या उचलायला बोलावू नका. हिशेब, बैठक आणि निर्णय यांतही त्यांना बसवा.

स्वाध्याय

१. मानवधर्म सभा का थांबली? दोन कारणे लिहा.
२. काम उघडपणे करावे की गुप्तपणे? वर्गात चर्चा करा.
३. आपल्या गल्लीतील एक अडचण निवडा. ती सोडवण्यासाठी पाच जणांचा गट करा, आणि पुढच्या वर्षी हे काम कोण सांभाळील त्याचे नाव आजच वहीत लिहून ठेवा.