घरच्या रोपवाटिकेचा खरा खर्च : मेलेलं रोप



गच्चीवर किंवा अंगणात थोडी जागा आहे, झाडांची आवड आहे, मग रोपं विकून चार पैसे मिळतील का? मिळतील. पण आधी गणित समजून घ्या.

समजा, तुम्ही जास्वंदाच्या 100 फांद्या लावल्या. पिशवी, माती, खत, कोकोपीट धरून एका रोपाला 12 रुपये, म्हणजे एकूण 1200 रुपये खर्च आला. रोप 25 रुपयांना विकायचं आहे.

70 रोपं जगली : विक्री 1750, नफा 550 रुपये.
90 रोपं जगली : विक्री 2250, नफा 1050 रुपये.

भाव तोच, खर्च तोच. फक्त 20 रोपं जास्त जगली आणि नफा जवळपास दुप्पट झाला! म्हणून या धंद्यात मार्केटिंगच्या आधी रोप जगवायला शिकायचं.

1. सुरुवात सोप्या झाडांपासून करा
जास्वंद, मोगरा, मनी प्लांट आणि तुळस. पहिली तीन फांदीपासून होतात, तुळस बियांपासून. फळझाडांच्या मागे लगेच लागू नका. महाराष्ट्रात फळझाडांची रोपवाटिका चालवायला 1969 च्या कायद्यानुसार परवाना लागतो.

2. फांदी नीट निवडा
जास्वंदाची पेन्सिलीएवढी जाड, साधारण 6 इंच लांब, निरोगी फांदी घ्या. अगदी कोवळा शेंडा नको. धारदार, स्वच्छ कात्रीने डोळ्याच्या खाली तिरका काप द्या. खालची पानं काढा, वर दोन-तीनच ठेवा. निदान दोन डोळे मातीत गेले पाहिजेत. मनी प्लांटला मात्र डोळा असलेला छोटा तुकडाही पुरतो. पावसाळ्यात हवेत ओलावा असतो, त्यामुळे फांद्या लावायला तो काळ उत्तम.

3. माती भुसभुशीत हवी
4 भाग माती, 3 भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, 3 भाग कोकोपीट. कच्चं शेण घालू नका, मुळं जळतात. कोकोपीट आधी भिजवून, धुऊन घ्या म्हणजे त्यातला खारटपणा जातो. पिशवीला खाली भोकं हवीतच.

4. पाणी बोटाला विचारून द्या
नव्या माणसाच्या हातून रोपं तहानेने कमी आणि जास्त पाण्याने जास्त मरतात. रोज ठरल्या वेळी ओतत बसू नका. बोट इंचभर मातीत घाला. ओल लागली तर थांबा, कोरडं लागलं तर पाणी द्या. फांद्या सावलीत ठेवा आणि मुळं फुटली का म्हणून उपटून बघू नका. चार ते सहा आठवडे धीर धरा.

5. आजारी रोप वेगळं काढा
जास्वंदावर पांढरा कापसासारखा थर दिसला की तो पिठ्या ढेकूण समजा. ते रोप लगेच बाजूला करा. 1 लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाच्या पाण्याचे काही थेंब मिसळून संध्याकाळी फवारा. एका रोपाकडे केलेलं दुर्लक्ष आख्ख्या ओळीला भोवतं.

6. विकण्याआधी उन्हाची सवय लावा
सावलीत वाढलेलं रोप थेट ग्राहकाच्या कडक उन्हात गेलं तर माना टाकतं, आणि नाव तुमचं खराब होतं. जास्वंद, मोगरा, तुळस यांना विक्रीआधी 8-10 दिवस सकाळचं ऊन थोडं थोडं वाढवत द्या. मनी प्लांट उजेडाच्या सावलीतच बरा.

7. ग्राहकाला एक प्रश्न विचारा
"ताई, तुमच्या बाल्कनीत ऊन किती तास येतं?" पाच-सहा तास येत असेल तर मोगरा द्या. ऊन येतच नसेल तर मोगरा विकू नका, मनी प्लांट द्या. सोबत ऊन आणि पाणी यांची दोन ओळींची चिठ्ठी द्या. रोप जगलं की तोच ग्राहक परत येतो, शेजारणीलाही घेऊन येतो.

तुमचा गृहपाठ : या आठवड्यात फक्त 20 फांद्या लावा. वहीत तारीख, झाड, खर्च लिहा. सहा आठवड्यांनी किती जगल्या ते मोजा. 20 पैकी 16 जगल्या, तरच 100 लावा. कमी जगल्या तर कारण शोधा आणि पुन्हा 20 च लावा. भांडवल आधी हाताला वळण लावण्यात घाला, जागा वाढवण्यात नंतर.

तुमचा आकडा कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटूया पुढच्या भागात!