किमोनोची उसवण

जपानमधील किमोनो हा वेश चित्रांतून आणि चित्रपटांतून अनेकांच्या परिचयाचा आहे. परंतु तो शिवण्याची रीत फारशी कोणाला ठाऊक नसते. किमोनो शिवला जातो तो पुढे केव्हातरी उसवता यावा म्हणून. ही दूरदृष्टी त्याच्या प्रत्येक टाक्यात दिसते.

किमोनोचे कापड सुमारे ३६ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे १२ मीटर लांब अशा अरुंद ताग्याच्या रूपात विणले जाते. एका ताग्यात एका प्रौढ व्यक्तीचा किमोनो होतो. अंगाचे दोन पट्टे, दोन बाह्या, पुढील बाजूस जोडायच्या दोन अरुंद पट्ट्या, गळपट्टी आणि तिच्यावरचे आच्छादन असे त्याचे आठ तुकडे असतात व ते सारे सरळ रेषेत कापलेले असतात. गोलाई हवी असेल तेथे कापड छाटत नाहीत, आत दुमडतात. शिवणीत राखलेल्या अशा जादा कापडाला आपले शिंपी ‘माया’ म्हणतात. किमोनोच्या बाबतीत तो शब्द अगदी सार्थ आहे. कारण या मायेमुळेच आईचा किमोनो उंच मुलीच्या मापाचा करता येतो.

शिवण हाताची आणि टाका साध्या धावदोऱ्याचा. महाराष्ट्रातील गोधडीवर किंवा बंगालमधील कांथ्यावर दिसतो तसाच. मात्र दोरा फार आवळत नाहीत. शिवणीवर ताण आला तर आधी दोरा तुटावा, कापड फाटू नये, हा त्यामागील विचार.

पूर्वी रेशमी किमोनो धुवायचा म्हणजे तो संपूर्ण उसवावा लागे. सुटे तुकडे टाचून पुन्हा ताग्यासारखी लांब पट्टी करीत. ती धुऊन, खळ देऊन लाकडी फळीवर पसरीत किंवा बांबूच्या बारीक कामट्यांनी ताणून वाळवीत. या पद्धतीला ‘अराई-हारी’ म्हणतात. पुन्हा शिवताना विटलेला भाग आत आणि चांगला भाग बाहेर घेता येई. असे करता करता कापड जीर्ण झाले की त्यातून मुलांचे कपडे, अस्तर, उशांचे अभ्रे होत. सुती किमोनोची शेवटी बाळाची दुपटी होत आणि मग फरशी पुसण्याचे फडके.

ही केवळ हौस नव्हती. उत्तर जपानच्या थंड प्रदेशात कापूस पिकत नसे. तेथील शेतकरी कुटुंबे जहाजांतून येणारे जुने सुती कपडे विकत घेत आणि ठिगळावर ठिगळ लावून पिढ्यान्‌पिढ्या वापरत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अनेक किमोनो उसवून स्त्रियांनी कामाच्या सैलसर विजारी शिवल्या. १९४५ नंतरच्या टंचाईत शहरांतील स्त्रिया उरलेले किमोनो घेऊन खेड्यांत जात आणि त्यांच्या बदल्यात तांदूळ आणत. बांबूच्या कोंबाचे एकेक आवरण सोलावे तसे घरातील एकेक वस्त्र जाई. म्हणून त्या दिवसांना ‘बांबूच्या कोंबाचे जिणे’ असे नाव पडले.

आता किमोनो प्रामुख्याने विवाहासारख्या समारंभांत दिसतो. क्योतो येथील तोजी मंदिराच्या आवारात दर महिन्याच्या २१ तारखेला भरणाऱ्या बाजारात जुने किमोनो विकायला येतात. ते उसवून जाकिटे, झगे, बटवे हाताने शिवणारे अनेक जण आहेत. कापडाची रुंदी कमी असल्याने घेरदार झग्यासाठी चार-पाच पट्टे जोडावे लागतात. नवशिक्याने ‘आझुमा-बुकुरो’ ही पिशवी आधी करावी. रुंदीच्या तिप्पट लांबीचा, म्हणजे ३६ बाय १०८ सेंटिमीटरचा आयत, दोन घड्या आणि दोन सरळ शिवणी एवढ्यात ती तयार होते.

जुने रेशीम वरून चकचकीत दिसले तरी आतून विरलेले असू शकते. म्हणून ते उजेडासमोर धरून पाहावे, हलकेच ताणून पाहावे. लाल अस्तराचा रंग जातो आणि सुरकुतीदार रेशीम भिजल्यावर आटते; तेव्हा आधी लहान तुकडा भिजवून पाहणे बरे.

खरी अडचण कात्रीची आहे. सरळ तुकडे पुन्हा जोडता येतात. मुंड्याचा गोल एकदा कापला की ते कापड किमोनोत परतत नाही. त्यामुळे अंगावर घालण्याजोग्या किमोनोला कात्री लावू नये, डागाळलेला किंवा फाटलेलाच निवडावा, हेच योग्य. उसवण्याला मात्र ही भीती नाही. दोरा थोड्या थोड्या अंतरावर कापून अलगद ओढला की शिवण सुटते आणि उन्हाने विटलेल्या कापडाच्या कडेला, मायेत दडलेला मूळ रंग अनेकदा जसाच्या तसा सापडतो.