बधिर पायाची नखे : परीक्षण व पादरक्षण

रिसोड तालुक्यातील रिठद व परिसरात व्यवसाय करताना आलेला एक अनुभव व्यवसायबंधूंपुढे प्रथम ठेवतो. तुरीच्या काढणीचे दिवस होते. मधुमेहाचे जुने रुग्ण असलेले साठीचे एक शेतकरी पायांची आग व मुंग्या ही तक्रार घेऊन आले. आम्ही नाडी पाहिली, रक्तशर्करेचा अहवाल वाचला आणि वातशमनार्थ वालुकापोटलीचा शेक सांगितला. पाय मात्र पाहिले नाहीत. चौथ्या दिवशी सूनबाई त्यांना परत घेऊन आल्या. उजव्या तळव्यावर भाजल्याचा मोठा फोड होता. अंगठ्याचे नखही काळे पडलेले होते. ते धसकट लागून आठवड्यापूर्वीच काळे झाले होते. दोन्ही वेळी रुग्णास काही कळले नव्हते. पहिल्याच भेटीत वहाणा काढावयास सांगितल्या असत्या, तर त्या नखाने आम्हांस सावध केले असते. जखम भरून येण्यास अडीच महिने लागले. चूक आमची होती, म्हणूनच हा लेख.

शास्त्रविचार

चरकसंहितेच्या निदानस्थानात (अध्याय ४) प्रमेहाच्या पूर्वरूपांत हातापायांची सुप्तता व दाह सांगितले आहेत. सूत्रस्थानाच्या १४ व्या अध्यायात मधुमेही रुग्ण स्वेदनास अयोग्य मानला आहे. हे वचन आपण सर्वांनी पाठ केलेले असते. आमच्या हातून शेक सांगताना तेच सुटले. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानातील क्षुद्ररोगांत चिप्प (नखुरडे), कुनख, अलस (चिखल्या) व कदर (कुरूप) यांचे वर्णन केले आहे. आघाताने रूक्ष, काळे व खरखरीत झालेले नख म्हणजे कुनख. बधिर पायात नेमके हेच वारंवार आढळते.

आधुनिक शास्त्राप्रमाणे परिसरीय नाड्या विकृत झाल्या की तीन गोष्टी घडतात. वेदना कळत नाही. घाम कमी होऊन त्वचा कोरडी पडते व भेगाळते. पावलाचे लहान स्नायू दुर्बल होऊन बोटे आकड्यासारखी वाकतात. वाकलेल्या बोटांची टोके पादत्राणावर घासून नखे जाड व वेडीवाकडी होतात. जाड नखाच्या दाबाने खाली व्रण होतो आणि तो नखाआड झाकलेला राहतो.

वेदना नसणे हेच घाताचे कारण, ही गोष्ट कुष्ठरोगाच्या क्षेत्रात आधी उमगली. १९४६ पासून वेल्लोर येथे काम करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखविले की, कुष्ठरुग्णांची बोटे आपोआप झडत नसून न कळलेल्या जखमा व जंतुसंसर्गाने नष्ट होतात. मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठधाम सुरू केले. विदर्भास ही सेवा परकी नाही. तोच धडा आता मधुमेहींसाठी गिरवावयाचा आहे.

परीक्षण

दोन्ही पाय उघडे करून उजेडात पाहावेत. नखांबाबत पुढील गोष्टी नोंदवाव्यात :

१) जाड, पिवळे, भुसभुशीत नख : बुरशीची शक्यता. दीर्घ औषधोपचारापूर्वी नखाचा चुरा सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घ्यावा.
२) काळे नख : बहुधा साकळलेले रक्त. मात्र आघाताशिवाय आलेला, रुंदावणारा किंवा त्वचेपर्यंत पसरणारा काळा पट्टा अर्बुदाचा असू शकतो.
३) मांसात रुतलेली कड, भोवती लाली, पू वा दुर्गंध.
४) नखाखाली ओल किंवा स्राव : व्रण गृहीत धरावा.

नखविकृती असली म्हणजे सुप्तता आहेच असे नाही. त्यासाठी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेली इप्सविच स्पर्शपरीक्षा कोणासही करता येते. रुग्णास डोळे मिटावयास सांगून दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट व करंगळी यांच्या टोकांवर तर्जनी एक-दोन सेकंद अलगद टेकवावी, दाबू नये. सहांपैकी दोन वा अधिक ठिकाणी स्पर्श न कळल्यास पाय धोक्यात आहे असे समजावे. पावलावरील व आतील घोट्यामागील नाडीही पाहावी.

कारण शोधताना मधुमेहावर थांबू नये. मद्यपान, ब-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता (मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत विशेषतः), क्षयरोगावरील आयसोनियाझिड, वृक्कविकार व कुष्ठरोग यांचा विचार करावा. फिकट बधिर चट्टा किंवा जाड नाडी आढळल्यास रुग्णास शासकीय आरोग्य केंद्रात पाठवावे; तेथे बहुविध औषधोपचार मोफत मिळतो.

रुग्णास द्यावयाच्या सूचना

पाय रोज धुवावेत. पाण्याची उष्णता घरातील दुसऱ्या व्यक्तीने पाहावी. बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात. चरकोक्त पादाभ्यंग तळव्यास व टाचेस अवश्य करावा, पण बेचक्यांत तेल राहू देऊ नये. तेथे चिखल्या होतात. जखमेवर मर्दन करू नये. नखे सरळ कापावीत, कोपरे खोल कोरू नयेत. ब्लेड वा नराणी वापरू नये. दृष्टी मंद असल्यास घरातील दुसऱ्याने कापावीत. शेतात व घरातही अनवाणी फिरू नये. वहाण घालण्यापूर्वी आत हात फिरवून खडा वा काटा पाहावा. तळवा रोज आरशात पाहावा किंवा घरच्यांकडून पाहून घ्यावा.

चिकित्सक व औषधविक्रेत्यांसाठी

बधिर पायावर शेक, उपनाह व अग्निकर्म टाळावे. कुरूपावरील दाहक पट्ट्या मधुमेही रुग्णास परस्पर देऊ नयेत. दुकानदार बंधूंनी एवढेच विचारावे, ‘साखर आहे का?’ होकार आल्यास आधी पाय दाखवावयास सांगावे. अंगठ्याचे नख पूर्ण नवे येण्यास साधारण बारा ते अठरा महिने लागतात. म्हणून पंधरा दिवसांत गुण येईल असे आश्वासन देऊ नये. मधुमेहाची चालू औषधे आपल्या उपचारासाठी बंद करू नयेत.

पू, पसरणारी लाली, काळे पडलेले बोट, ताप, नाडी न लागणे, किंवा एकच पाऊल गरम व सुजलेले असणे, यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे पाठवावे. दुखत नाही म्हणून थांबू नये. तेथे न दुखणे हेच लक्षण आहे.

त्या रुग्णानंतर आमच्या तपासणीच्या खोलीत वहाणा काढण्यासाठी एक ठेंगणे स्टूल ठेवले आहे. मधुमेही रुग्ण खोकल्यासाठी आला तरी त्यावर प्रथम बसतो. यास दोन मिनिटे लागतात. व्यवसायबंधूंनी आपापल्या चिकित्सालयात एवढे करावे, ही विनंती.