६१७४ : देवळालीच्या गुरुजींची संख्या

अंबरपेठेतील आपल्या सभासद-कुटुंबांत १०८ ही संख्या ज्यास ठाऊक नाही असे मूल विरळाच. जपमाळेच्या मण्यांबरोबरच ती शिकली जाते. या पाठासाठी आम्ही मात्र अशी संख्या निवडली आहे की जिच्यामागे कोणतीही परंपरा नाही आणि जिचे माहात्म्य केवळ वजाबाकीने पटते. ती संख्या ६१७४ होय.

कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. तिचे अंक प्रथम उतरत्या व मग चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान वजा करावी. येणाऱ्या बाकीवर हीच क्रिया पुनःपुन्हा करावी. हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले ते वर्ष १९४८ घेऊ. ९८४१ वजा १४८९ बरोबर ८३५२. पुढे ८५३२ वजा २३५८ बरोबर ६१७४. दोन पायऱ्यांतच काम झाले. लगतचे वर्ष १९४९ घेतले तर ८४४२, ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ अशी वळणे घेत सातव्या पायरीस ६१७४ येते. सातांहून अधिक पायऱ्या कोणत्याही संख्येस लागत नाहीत. आणि ७६४१ वजा १४६७ पुन्हा ६१७४च. तेथून सुटका नाही. (बाकी ९९९ आल्यास ती ०९९९ अशी लिहावी, मुले येथेच चुकतात.)

हा शोध दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचा. १९०५ साली डहाणू येथे जन्मलेले हे गृहस्थ नाशिकजवळील देवळालीस शाळेत शिक्षक होते. १९४९ साली मद्रासच्या गणित-परिषदेत त्यांनी ही संख्या मांडली व १९५५ साली 'स्क्रिप्टा मॅथेमॅटिका' या नियतकालिकात तीवर लेख प्रसिद्ध केला. जे पाटी-पेन्सिलीवर साधते त्यास हलके लेखण्याची विद्वानांची खोड जुनीच. कापरेकरांच्याही वाट्यास ती आली. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्याविषयी लिहिले, तेव्हा कोठे त्यांचे नाव जगभर झाले.

आता, हे घडते का? उतरत्या क्रमाने अंक क, ख, ग, घ मानू. बाकी सदैव ९९९ गुणिले (क−घ) अधिक ९० गुणिले (ख−ग) इतकी येते. म्हणजे बाकी केवळ दोन फरकांवर अवलंबून राहते. पहिला फरक १ ते ९ पैकी आणि दुसरा पहिल्याहून मोठा नाही. अशा जोड्या अवघ्या ५४ भरतात. हजारो संख्या तपासण्याचे कारणच उरत नाही. या ५४ बाक्या तपासल्या की सिद्धता पुरी झाली, आणि हे काम एका दुपारचे आहे. चमत्कार व सिद्धता यांतील अंतर ते हेच.

६१७४ च्या अंकांची बेरीज १८, आणि १८ ने तीस भागल्यास ३४३, म्हणजे ७ चा घन येतो. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागल्या जाणाऱ्या संख्यांस कापरेकरांनी 'हर्षद' असे गोड नाव दिले. आपली १०८ हीही हर्षदच, कारण ९ ने भागून १२ येतात. शिवाय १८, त्याचा वर्ग ३२४ व घन ५८३२ यांची बेरीज नेमकी ६१७४! येथे गीतेच्या अठरा अध्यायांशी सांगड घालण्याचा मोह कोणासही होईल. तो आवरावा असे आम्हांस वाटते. गीतेस या आधाराची गरज नाही व गणितासही नाही.

हौशी मुलांनी तीन अंकी संख्या घेऊन पाहाव्यात. तेथे मुक्काम ४९५ वर होतो. दोन अंकी संख्यांत मात्र मुक्काम असा नाहीच. ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९, असे चक्र फिरतच राहते.