बारावीत शिकलेले जाते कुठे?

प्रथम वर्षाच्या वर्गातली गोष्ट. जून महिना सरला होता, बाहेर कोकणातला पाऊस कोसळत होता आणि अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर मागणीचा वक्र काढला. डावीकडून उजवीकडे उतरत जाणारा. मागच्या बाकांवर खसखस पिकली. सरांनी कारण विचारले तेव्हा एकजण उठून म्हणाला, "सर, हा वक्र आम्ही बारावीला वर्षभर काढलाय." सरांनाही हसू आले. ते म्हणाले, "मग पुन्हा काढा. वक्र तोच असला तरी परीक्षा निराळी आहे."

तास पुढे चालू झाला. माझे लक्ष मात्र त्या उत्तरापाशीच थांबले. उपयोगिता, मागणीची लवचिकता, पुरवठा, बाजाराचे प्रकार हे सारे बारावीच्या पुस्तकात होते. घटत्या सीमान्त उपयोगितेसाठी आमच्या बारावीच्या बाईंनी हापूस आंब्याचे उदाहरण दिले होते. प्रथम वर्षाला तोच आंबा पुन्हा आला. आता उपयोगिता घटत जाण्याचा नियम आम्हालाच लागू पडला, असे आम्ही आपसांत म्हणत असू! थट्टेचा भाग सोडला तरी प्रश्न उरतोच. एकदा शिकलेले, परीक्षा देऊन सिद्ध केलेले ज्ञान पदवीच्या हिशेबात का धरले जात नाही? शाळकरी वयात केलेल्या अभ्यासाचे महाविद्यालयीन श्रेय मिळू शकेल का? या प्रश्नाची थोडी पूर्वपीठिका तपासावी आणि आजचे नियम काय सांगतात ते पाहावे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सीमारेषा कोणी आखली?

शाळा कोठे संपते आणि महाविद्यालय कोठे सुरू होते, ही रेषा निसर्गाने आखलेली नाही. ती माणसांनी आखली आणि अनेकदा पुसून पुन्हा आखली. याचा पहिला दाखला आपल्या रत्नागिरीशी जोडलेला आहे.

डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचे शालेय शिक्षण रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेत झाले. १८५३ मध्ये ते मुंबईस एल्फिन्स्टन संस्थेत गेले. त्या काळी तेथे शाळा व कॉलेज एकाच छपराखाली होते. १८५६ मध्ये ती वेगळी झाली. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले ते १८५७ साली आणि त्याची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजे मॅट्रिक, झाली १८५९ साली. म्हणजे भांडारकर काय किंवा न्यायमूर्ती रानडे काय, या मंडळींनी कॉलेजचा अभ्यास आधी केला आणि कॉलेजात शिरण्याची परीक्षा नंतर दिली! १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले बी. ए. झाले, त्यांत हे दोघेही होते. पुढे भांडारकर रत्नागिरीच्या हायस्कुलात मुख्याध्यापक म्हणून आले. विद्यापीठ जन्मालाच आलेले नसताना त्यांनी केलेल्या अभ्यासाला श्रेयांक मिळाले नसतील. पण त्या अभ्यासावाचून ते पहिल्या पदवीधरांत बसले नसते, हेही तितकेच खरे.

मॅट्रिकची परीक्षा त्यानंतर सुमारे नव्वद वर्षे विद्यापीठाच्या हाती होती. मूल बसे शाळेच्या बाकावर; परीक्षा मात्र देई विद्यापीठाची. १९४८ च्या कायद्याने एस. एस. सी. परीक्षेचे मंडळ आले आणि ही परीक्षा विद्यापीठाकडून मंडळाकडे गेली. त्याआधी, १९४५ मध्ये, रत्नागिरीत महाविद्यालय निघाले होते. तोवर मॅट्रिक झालेल्या मुलाला पुढे शिकायचे तर बोटीत बसून मुंबई गाठावी लागे, नाहीतर घाट चढून कोल्हापूर, सांगली किंवा पुणे.

दुसरा मोठा फेरबदल आपल्या आईवडिलांच्या किंवा आजोबांच्या पिढीतला. पूर्वी शाळा अकरा वर्षांची होती. अकरावी एस. एस. सी. झाली की मुलगा कॉलेजात जाई आणि चार वर्षांनी बी. ए. होई. अकरा आणि चार मिळून पंधरा. नंतर १०+२+३ हा आकृतिबंध आला. १९७५ मध्ये दहावीची पहिली एस. एस. सी. परीक्षा झाली. दहा, दोन आणि तीन मिळूनही पंधराच! बेरीज तीच राहिली. बदलली ती विभागणी. शिक्षणाचे बारावे वर्ष पूर्वी विद्यापीठाचे पहिले वर्ष होते, ते आता मंडळाकडे गेले. ज्या वयात आपल्या आजोबांचा अभ्यास पदवीच्या वाटेवर मोजला जात होता, त्याच वयातला आपला अभ्यास दाराबाहेर राहतो. आजोबा आपल्यापेक्षा हुशार होते म्हणून असे झाले नाही, रेषा सरकली म्हणून झाले.

गंमत अशी की रेषा सरकली तरी इमारत सरकली नाही. अनेक ठिकाणी अकरावी-बारावी महाविद्यालयाच्याच आवारात भरते. फाटक तेच, ग्रंथालय तेच, शिपाईमामाही तेच. मंडळाचे कोकण विभागीय कार्यालय रत्नागिरीत आहे आणि मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्रही रत्नागिरीतच आहे. दोन्ही कचेऱ्या एका गावात असून विद्यार्थ्याचे खाते मात्र एकीकडे बंद करून दुसरीकडे शून्यापासून उघडावे लागते.

इतरत्र काय चालते?

अमेरिकेत १९५५ पासून कॉलेज बोर्ड या संस्थेची 'अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट' नावाची योजना चालू आहे. हायस्कुलातला विद्यार्थी निवडक विषयांचा कॉलेजच्या तोडीचा अभ्यास शाळेतच करतो आणि मे महिन्यात परीक्षा देतो. गुण १ ते ५ असे दिले जातात. किती गुणांना किती श्रेय द्यायचे ते प्रत्येक कॉलेज स्वतः ठरवते. दुसरी पद्धत म्हणजे शाळेत असतानाच प्रत्यक्ष कॉलेजचा वर्ग करणे. मिनेसोटा राज्याने १९८५ मध्ये अकरावी-बारावीच्या मुलांना तशी मुभा कायद्याने दिली आणि शुल्काचा भार राज्याने उचलला. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतली मुले आज या वाटांनी सर्रास जातात आणि कधी कधी पदवीचे एखादे सत्र वाचवतात.

मात्र या योजनेची दुसरी बाजूही आहे. तेथील परीक्षेचे शुल्क विषयामागे सुमारे शंभर डॉलर आहे आणि सधन वस्तीतल्या शाळांत असे विषय अधिक, गरीब वस्तीत कमी असतात. आपल्याकडे काही करायचे तर हा अनुभव ध्यानात ठेवूनच करायला हवे.

आपले आजचे नियम

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 'क्रेडिट' हा शब्द आपल्या कानी रोज पडतो. शासकीय मराठीत त्याला 'श्रेयांक' म्हणतात. वाण्याच्या दुकानातले क्रेडिट म्हणजे उधारी. येथे मात्र ती जमा आहे. २०२१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने ही जमा ठेवण्यासाठी शैक्षणिक श्रेयांकांची पेढी उभारली. महाराष्ट्रातल्या संलग्न महाविद्यालयांत नवी रचना २०२४-२५ पासून आली आणि त्यात सत्राला २२, वर्षाला ४४ व तीन वर्षांच्या पदवीला १३२ श्रेयांक असा हिशेब ठरला. वर्गातल्या अध्यापनाचे पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक. चार श्रेयांकांची एक अभ्यासपत्रिका म्हणजे साठ तास.

२०२३ मध्ये राष्ट्रीय श्रेयांक आराखडा जाहीर झाला. त्याने प्रथमच शाळेलाही या हिशेबात घेतले. वर्षाचे १२०० तास धरून ४० श्रेयांक, म्हणजे घरचा अभ्यासही धरून तीस तासांना एक श्रेयांक, असे प्रमाण त्यात आहे. हे वाचून माझ्यासारख्या अनेकांचा समज झाला की बारावीचे चाळीस श्रेयांक आता पदवीच्या १३२ मधून वजा होणार. तसे नाही. आराखड्यात श्रेयांकाबरोबर 'स्तर' ही आहे. दहावीचा स्तर ३, बारावीचा ४, पदवीच्या पहिल्या वर्षाचा ४.५, दुसऱ्याचा ५ आणि तिसऱ्याचा ५.५. श्रेयांक सांगतो किती तास चाललात. स्तर सांगतो किती उंचीवर चाललात. पायथ्याशी कितीही चालले तरी गड चढला असे होत नाही, हे तत्त्व मला मान्य आहे.

अडचण वेगळीच आहे. बारावीच्या पुस्तकातला काही भाग स्तर ४.५ चाच असेल तर काय? आणि बारावीतल्या एखाद्या मुलीने 'स्वयं' या शासकीय ऑनलाइन व्यासपीठावर पदवीचा अभ्यासक्रम पुरा करून परीक्षाही दिली असेल तर? 'स्वयं' २०१७ मध्ये सुरू झाले आणि तेथे कोणालाही शिकता येते. २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील चाळीस टक्क्यांपर्यंत विषय असे करता येतात. परंतु ही सवलत महाविद्यालयात नाव दाखल असलेल्या विद्यार्थ्यासाठी आहे. नवा आराखडा पूर्वी मिळवलेल्या ज्ञानाला मान्यता देण्याचे तत्त्व स्वीकारतो. तत्त्व आले आहे; बारावीच्या बाकापासून पदवीच्या बाकापर्यंत त्याची पायवाट मात्र अजून पडलेली नाही.

एक आक्षेप आणि एक सूचना

हे सारे मी माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला सांगितले तेव्हा तिने मला गप्प केले. ती लांजा तालुक्यातल्या एका गावाहून रोज एस. टी. ने येते. बारावी तिने विज्ञान शाखेतून केली. ती म्हणाली, "तुम्ही हसलात त्या दिवशी मी तो वक्र आयुष्यात पहिल्यांदा काढत होते. सरांनी तो तास घेतलाच नसता तर मी काय केलं असतं?"

तिचे बरोबर होते. त्या एकाच तासात आम्हाला पुनरुक्ती होत होती आणि तिला विषयाचा श्रीगणेशा. म्हणून सर्वांचे श्रेयांक सरसकट वजा करणे किंवा तो भाग गाळणे हा उपाय नव्हे. केवळ बारावीच्या गुणपत्रिकेवर विसंबणेही योग्य नव्हे, कारण पाठांतराने मिळालेले गुण आणि समजून मिळालेले गुण कागदावर सारखेच दिसतात. शिवाय अशी सोय निघाली की तिच्या तयारीचे खाजगी वर्गही निघतील, ही भीती आहेच. प्रवेश परीक्षांच्या शिकवण्यांपायी कनिष्ठ महाविद्यालयांचे वर्ग कसे ओस पडतात, ते आपण पाहतोच आहोत.

मला सुचतो तो मार्ग साधा आहे. प्रथम वर्षाच्या आरंभी, पहिल्या पंधरवड्यात, ज्या विषयांची पुनरुक्ती होते त्या एखाद-दोन पत्रिकांची ऐच्छिक परीक्षा विद्यापीठाने घ्यावी. ती नेहमीच्या सत्रान्त परीक्षेइतकीच कठीण असावी आणि तिला वेगळे शुल्क नसावे. जो उत्तीर्ण होईल त्याला त्या पत्रिकेचे श्रेयांक मिळावेत. जो होणार नाही त्याचे काहीच बिघडत नाही. तो वर्गात बसेल. उत्तीर्ण झालेल्याने मोकळे झालेले साठ तास दुसऱ्या विषयाला द्यावेत, नाहीतर अशा वाचलेल्या पत्रिका साठवून पुढे एखादे सत्र कमी करावे. आमच्या वर्गात अनेकांच्या दृष्टीने एक सत्र म्हणजे केवळ सहा महिने नाहीत. ते खोलीचे भाडे आहे, एस. टी. चा पास आहे, आणि काहीजणींच्या बाबतीत घरच्यांचा "आता पुरे" हा निरोप येण्यापूर्वी पदवी हाती पडण्याची संधी आहे.

आणि आणखी एक. ज्यांना तो भाग येतो ती मुले त्या तासाला नसतील, तर माझ्या मैत्रिणीसारखीला मागच्या बाकांवरचे हसणेही ऐकावे लागणार नाही. जे येते ते येते म्हणून मान्य व्हावे आणि जे येत नाही ते लाज न वाटता शिकता यावे, या दोन्ही गोष्टी एकाच परीक्षेने साधतात.

मी स्वतः त्या परीक्षेत उत्तीर्ण झाले असते का? प्रामाणिकपणे सांगायचे तर, खात्री नाही. लवचिकतेच्या उदाहरणात माझी आकडेमोड प्रथम वर्षालाही एकदा चुकलीच होती. पण ती चूक मला पहिल्या पंधरवड्यातच कळली असती. वर्षभर 'हे तर आम्हाला येतंय' म्हणून मागच्या बाकावर हसत बसण्यापेक्षा ते बरे नव्हते का? आमच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थी-मित्रांनी या सूचनेचा जरूर विचार करावा आणि तिच्यातले दोष दाखवावेत, एवढीच विनंती.