पशू आणि त्यांची पिल्ले: स्पॅनिश शब्दसंग्रहाचा एक कोपरा

स्पॅनिश भाषा शिकू लागलेल्या माणसाला प्राण्यांची नावे फार लवकर भेटतात आणि त्यांच्या पिल्लांची नावे फार उशिरा. पाठ्यपुस्तकात ‘बाका’ म्हणजे गाय, ‘काबाल्यो’ म्हणजे घोडा, ‘ओबेखा’ म्हणजे मेंढी एवढे सांगितले की भागते. पिल्लासाठी ‘क्रीआ’ हा एकच शब्द पुरतो. ‘क्रिआर’ म्हणजे पोसणे, वाढविणे. त्या क्रियापदापासून तो आला आहे. हत्ती असो, माकड असो, वटवाघूळ असो, ‘अमुक प्राण्याची क्रीआ’ असे म्हटले की व्याकरणाला बाध येत नाही. परंतु ज्या जनावरांच्या सहवासात स्पेनमधील शेतकरी आणि धनगर शतकानुशतके जगले, त्यांच्याविषयी कोणी असे बोलू लागला, तर तो परका आहे हे गावकऱ्यांच्या तत्काळ ध्यानात येते.

गुरांचेच उदाहरण घेऊ. लहान वासराला ‘तेर्नेरो’ किंवा ‘बेथेर्रो’ म्हणतात. ‘तिएर्नो’ म्हणजे कोवळा. तेर्नेरो हा शब्द त्यावरून झाला. वर्ष पुरे झाले की तेच वासरू ‘आन्योखो’ होते. एक वर्ष उलटून दोन पुरी होईपर्यंत नर ‘एराल’, दोनांपासून तीन पुरी होईपर्यंत ‘उत्रेरो’, आणि चार पुरी केली की ‘क्वात्रेन्यो’. दोन-तीन वर्षांच्या, अद्याप जुंपण्यास न शिकविलेल्या खोंडाला ‘नोबिल्यो’ असेही म्हणतात. गोपाळ आणि धनगर वर्षे मोजताना ‘आन्यो’ (वर्ष) हा शब्द न वापरता ‘येर्बा’, म्हणजे गवत, हा शब्द वापरीत. शिंगरू तीन वर्षांचे आहे हे सांगावयाचे असेल, तर त्याची ‘तीन गवते’ झाली असे म्हणावयाचे. जनावराचे वय पंचांगाने न मोजता कुरणाने मोजण्याची ही रीत मोठी अर्थपूर्ण आहे.

‘आन्योखो’ या शब्दापाशी थोडे थांबले पाहिजे. तो ‘आन्यो’ या शब्दाशी निगडित आहे. म्हणजे वासराचे नाव त्याच्या वयावरून पडले. आपल्याकडेही नेमके हेच घडले आहे. संस्कृतातील ‘वत्स’ हा शब्द ‘वत्सर’ म्हणजे वर्ष या शब्दाशी जोडलेला असून त्याचा मूळ अर्थ ‘वर्षाचे (जनावर)’ असा होतो. ‘वत्सरूप’ यावरून मराठी ‘वासरू’ आले. लॅटिनमधील वासराचा वाचक ‘वितुलुस’ हाही त्याच मूळ धातूचा मानला जातो. गंमत अशी की, स्पॅनिशमध्ये ‘बिएखो’ म्हणजे म्हातारा, हा शब्दही भाषाशास्त्रज्ञ त्याच धातूपर्यंत नेतात. एकाच मुळापासून एका भाषेत वासरू निघाले आणि दुसरीत म्हातारा!

हे वयवाचक शब्द निव्वळ शोभेचे नाहीत. त्यांत पैसा आणि प्राण दोन्ही गुंतलेले असतात. बैलझुंजीच्या नियमानुसार मोठ्या सामन्यात चार वर्षे पूर्ण केलेलाच ‘तोरो’ उतरविता येतो. त्याहून लहान नोबिल्योशी झुंजणारा तो ‘नोबिल्येरो’, म्हणजे उमेदवार. परंतु कोवळे जनावर तोरो म्हणून खपविण्याचे प्रकार इतके बोकाळले की, १९६९ पासून वासराच्या खांद्यावर जन्मवर्षाचा शेवटचा आकडा डागण्याची सक्ती करावी लागली. त्या वर्षीची वासरे ९ हा आकडा घेऊन वाढली आणि १९७३ मध्ये तोरो म्हणून रिंगणात आली. शब्दावरचा विश्वास उडाला, तेव्हा आकड्याचा आधार घ्यावा लागला.

मेंढ्यांचा शब्दसंग्रहही असाच भरघोस आहे. नुसते दूध पिणारे कोकरू ‘लेचाल’ (‘लेचे’ म्हणजे दूध), अद्याप चरावयास न लागलेले ‘रेथेन्ताल’, सर्वसाधारण कोकरू ‘कोर्देरो’, वर्षाचे झाले की ‘बोर्रेगो’ वा ‘प्रिमाल’. यामागे मोठा इतिहास आहे. १२७३ मध्ये राजा दहावा आल्फोन्सो याने ‘मेस्ता’ या मेंढपाळांच्या संघटनेस मान्यता दिली आणि १८३६ मध्ये ती बरखास्त होईपर्यंत लोकर देणारे मेरिनो जातीचे कळप उन्हाळ्यात उत्तरेकडील डोंगरांवर व हिवाळ्यात दक्षिणेकडील कुरणांत हिंडत राहिले. त्यांच्या प्रमुख राजमार्गांची रुंदी सुमारे ७५ मीटर असे. कळपाची मोजदाद वयानुसार ठेवणाऱ्या माणसांना असे नेमके शब्द हाताशी असणे अगत्याचेच होते.

रानटी प्राण्यांकडे वळले की शब्द घडविण्याची रीत पालटते. येथे स्वतंत्र नावाऐवजी प्रत्यय काम करतो: ‘लोबो’ (लांडगा) याचे ‘लोबेथ्नो’, ‘ओसो’ (अस्वल) याचे ‘ओसेथ्नो’, ‘खाबाली’ (रानडुक्कर) याचे ‘खाबातो’, ‘बाल्येना’ (देवमासा) याचे ‘बाल्येनातो’. एरवी ‘-ओन’ हा प्रत्यय मोठेपणा दाखवितो. पण ‘पेर्दीथ’ या तित्तिरवर्गीय पक्ष्याचे पिल्लू मात्र ‘पेर्दिगोन’! नियम पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याची येथे हमखास फसगत होते.

अनुवादकाची फसगत याहून मोठी. ‘गाथापो’ म्हणजे सशाचे पिल्लू. पण छापखान्यात तोच शब्द मुद्रणदोषाला लावतात. ‘चिबातो’ म्हणजे करडू, आणि चहाडखोरही. ‘पेर्दिगोन’ म्हणजे बंदुकीतला छर्रा, ‘खाबातो’ म्हणजे धाडसी तरुण. ‘नोबिल्यो करणे’ म्हणजे शाळा बुडविणे. ‘पोल्यो’ हा मुळात कोणत्याही पक्ष्याच्या पिल्लाचा शब्द; आता तो ताटातल्या कोंबडीला इतका चिकटला आहे की, जिवंत पिल्लाला ‘पोल्यीतो’ किंवा ‘पोल्युएलो’ म्हणावे लागते.

हे शब्द समुद्रापारही गेले. १४९३ च्या आपल्या दुसऱ्या सफरीत कोलंबसाने गुरे, घोडे, डुकरे व मेंढ्या अमेरिकेत नेल्या आणि त्यांची नावेही बरोबर गेली. मात्र नव्या भूमीत अर्थ सैल झाले. मेक्सिकोत ‘बोर्रेगो’ म्हणजे कोणत्याही वयाची मेंढी. उलट तेथील नाहुआत्ल भाषेतील कुत्र्याच्या नावावरून ‘एस्क्विंक्ले’ हा शब्द स्पॅनिशमध्ये आला आणि त्याचा अर्थ झाला माणसाचे पोर, तेही बहुधा वात्रट!

स्पेनमध्ये मात्र दुसरीच चिंता होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेडी ओस पडू लागली. कास्तिलच्या ग्रामजीवनाचे कादंबरीकार मिगेल देलिबेस यांनी १९७५ मध्ये स्पॅनिश अकादमीत प्रवेश करताना केलेल्या भाषणात हीच व्यथा मांडली. निसर्गाशी आणि शेतीशी निगडित असे आपल्या कादंबऱ्यांतील कितीतरी शब्द लवकरच तळटीपेवाचून कोणास कळणार नाहीत, असे त्यांनी म्हटले. देलिबेस २०१० मध्ये वारले. ‘उत्रेरो’ आणि ‘प्रिमाल’ हे शब्द अकादमीच्या कोशात आजही आहेत. गुरे व मेंढ्या राखणाऱ्या थोड्या कुटुंबांबाहेर ते क्वचितच ऐकू येतात.