राजीनामा न देता गेलेले गुरुजी

भाची : मामा, नवे शिक्षक पेशा सोडून जातात असं वाचते. पण जिल्हा परिषद शाळेतली नोकरी कोण सोडतं?

मामा : राजीनामा देऊन फारसं कोणी जात नाही. आधी डी.एड., मग टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग भरतीचं पवित्र पोर्टल. पहिली अभियोग्यता चाचणी झाली डिसेंबर २०१७ मध्ये, दुसरी थेट २०२३ला. इतकी वाट पाहून मिळालेली ऑर्डर कोण परत करेल? अमेरिकेत रिचर्ड इंगरसॉल यांच्या अभ्यासानुसार पहिल्या पाच वर्षांत सुमारे ४४ टक्के शिक्षक पेशा सोडतात. तो आकडा इथे चिकटवू नकोस.

भाची : मग आपल्याकडे प्रश्नच नाही म्हणायचा!

मामा : आहे, पण हजेरीपटावर दिसत नाही. विनाअनुदानित संस्थेत अनुदानाची वाट बघत नाममात्र पगारावर राबणारा पोरगा एके दिवशी येत नाही. त्याची नोंद कोण ठेवतो? आमच्या जिल्हा परिषद शाळेतला मात्र वर्गात असतो आणि टेबलाच्या खणात एमपीएससीची पुस्तकं असतात.

भाची : पगार कमी म्हणून?

मामा : सुरुवातीला पगार नसतोच, मानधन असतं. शिक्षणसेवक योजना २००० साली आली. तीन वर्षं मानधनावर, मग नियमित वेतनश्रेणी. प्राथमिकला मानधन होतं तीन हजार, पुढे सहा झालं आणि २०२३च्या वाढीपर्यंत तेवढंच राहिलं. आता सोळा हजार आहे.

भाची : सोळा हजारांत परक्या गावात खोली घेऊन राहायचं?

मामा : आणि घरीही पाठवायचे. पण त्या तीन वर्षांना शेवट आहे; तारीख मोजत माणूस काढतो. माझ्या मते त्याहून जास्त खचवतो तो एकटेपणा.

भाची : शाळेत एकटेपणा? माझी मैत्रीण धडगावकडे रुजू झालीय, तिला तर मुलं सोडत नाहीत.

मामा : मुलं नाही गं. द्विशिक्षकी शाळा म्हणजे पहिली ते चौथी, दोन माणसं. एक बैठकीला गेला की दुसऱ्याच्या गळ्यात चारही वर्ग. डी.एड.ला सराव पाठ घेतले एका वर्गाचे, टाचण काढलं एका तासिकेचं. इथे पहिलीतल्या पोराची घरची बोली पावरी, चौथीला भागाकार, मध्येच पोषण आहाराची नोंद आणि ‘माहिती आजच पाठवा’ असा व्हॉट्सअॅपवर निरोप.

भाची : शिक्षकांना अशैक्षणिक कामं द्यायची नाहीत असा कायदा आहे ना?

मामा : शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७. त्यात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक हे अपवाद. निवडणुकीचं दार उघडं राहिलं की बीएलओ म्हणून मतदारयादी घेऊन घरोघर फिरणं आलंच.

भाची : तरीही काहीजण मन लावून टिकतातच की. ते कशामुळे?

मामा : बहुधा पहिल्या वर्षी शेजारच्या वर्गात कोण होतं त्यामुळे. इंगरसॉल आणि थॉमस स्मिथ यांना हेच दिसलं : ज्या नवख्याला आपल्याच विषयाचा अनुभवी सहकारी मिळतो आणि सोबत बसून तयारी करायला वेळ मिळतो, तो कमी वेळा सोडून जातो. हे मात्र इकडेही लागू पडतं. आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदा त्यासाठीच होत्या, पण निम्मा दिवस परिपत्रकं वाचण्यात जायचा.

भाची : आणि रुजू झाल्यापासून आंतरजिल्हा बदलीकडे डोळे लावून बसतात ते?

मामा : त्यांना नावं ठेवू नकोस. परभणीचा मुलगा पालघरच्या पाड्यावर, आईवडील थकलेले. जिल्हा बदलला की सेवाज्येष्ठता जाते, नव्या यादीत तळाशी बसावं लागतं. ते कळत असूनही अर्ज भरतो, म्हणजे ओढ केवढी असेल! तुझ्या मैत्रिणीची शाळा द्विशिक्षकी आहे का?

भाची : हो. दोघंच आहेत.

मामा : दुसरे गुरुजी किती वर्षांपासून तिथे आहेत, ते विचार तिला.